गप्प बसायची ठिकाणं

पेणच्या बाजारात मला चेहऱ्याने कोणी ओळखत नाही. पिशवी घेऊन चार फेऱ्या मारल्या तरी कोणी मान वर करणार नाही. पण "भेंडी कशी दिलीस गो?" एवढं विचारलं की भाजीवालीचा हात तराजूवर थांबतो. "अगो बाय, तू ती रिक्षातली कुंदी!" मग शेजारची कोथिंबीरवाली वळून बघते आणि तिचा चेहरा पडतो. आवाज ऐकून तिने मनात कोणी उंच, गोरी बाई धरलेली असते. मी बुटकी आणि उन्हाने रापलेली. त्याला माझा इलाज नाही.

आमची रिक्षा रामवाडीतली. टपावर दोन भोंगे, मागे ॲम्प्लिफायर आणि बॅटरी. पुढे माझा नवरा दत्ता, मागे बॅनरच्या आड मी, हातात माईक. उद्या नळाला पाणी येणार नाही, पोलिओचा डोस, साड्यांचा सेल, कबड्डीचे सामने, हरवलेली म्हैस, कोणी वारलं तर अंत्ययात्रा कधी निघणार, असं सगळं आम्ही गावभर सांगत फिरतो. पेणपासून हायवेने खाली नागोठणे, खांब, कोलाड, तिथून रोह्यापर्यंत. आमच्या घरात बोलायचं खातं माझं आणि गाडीचं खातं दत्ताचं. दत्ता मुळातच कमी बोलतो. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने हळूच विचारलं होतं, मुलाला बोलता येतं ना?

माझं माहेर धरमतरच्या खाडीकडचं. वडील मिठागरावर होते. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायची तर नुसतं ओरडून भागत नाही, वारा आवाज खातो. शब्द लांबवावा लागतो आणि वारा पडेल तेव्हा सोडावा लागतो. माझी सगळी विद्या तिथली. पूर्वी दत्ताच्या रिक्षात त्याचा चुलतभाऊ बोलायचा. त्याच्याच लग्नाच्या दिवशी नेमकं पाणी बंद असल्याचं सांगायचं काम आलं आणि मी माईक घेतला. तो त्याला परत मिळाला नाही. अजून लग्नकार्यात भेटला की ऐकवतो.

लोकांना वाटतं, यात काय आहे, कागद वाचायचा. वाचा बघू! घरात फोडणी चालू असते, कुकर शिट्ट्या देतो, टीव्ही लागलेला असतो. माणूस कान देईपर्यंत पहिलं वाक्य वाया जातं. म्हणून पहिल्या वाक्यात काही ठेवायचंच नाही. 'बंधू-भगिनींनो' हे त्यासाठीच असतं. रिक्षा बैलगाडीच्या चालीने गेली पाहिजे. उंच बिल्डिंगसमोर थांबून थांबून बोलायचं, नाहीतर आवाज परत येऊन आपल्याच बोलण्यावर आदळतो. खाडीकडच्या गावात 'आपणांस कळविण्यात येते' म्हटलं तर कुत्रं ऐकत नाही, तिथे 'ऐकताव का गो' म्हटलं की बाया हातातली कामं टाकून दारात येतात.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. रोह्यात एक गृहस्थ आले, बायको रुसून माहेरी गेली होती. माहेर म्हणजे तिथलीच दुसरी गल्ली. म्हणाले, तिच्या दारासमोर जाऊन जाहीर करा, की माझी चूक झाली. मी म्हटलं, नाव घेऊन कोणाची अब्रू मी भोंग्यावर टांगत नाही, तुमचीसुद्धा नाही. शेवटी नाव न घेता सांगितलं, "एका गृहस्थांची चूक झाली आहे आणि ती त्यांना मान्य आहे." गल्लीतल्या चार-पाच खिडक्या उघडल्या. प्रत्येकीला वाटलं, आपलाच नवरा! ती बाई संध्याकाळी घरी गेली म्हणे, बाकीच्यांच्या घरी काय झालं ते माहीत नाही.

बोलण्याइतकीच आमच्या धंद्यात गप्प बसायची ठिकाणं महत्त्वाची. दवाखाना, परीक्षा चालू असलेली शाळा, कोर्ट, आरतीची नाहीतर अजानची वेळ. आणि ज्या घरात माणूस गेलंय ते घर. दारात मडकं दिसलं, बाहेर माणसं टॉवेल खांद्यावर टाकून बसलेली दिसली की दत्ता तिथूनच इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि रिक्षा ढकलत नेतो. मी माईक बंद करून मांडीवर ठेवते. दहावं होईपर्यंत त्या दारावरून आमचा आवाज जात नाही. हे कोणी शिकवलं नाही. पहिल्याच वर्षी एका दारासमोर मी साडीच्या सेलचं ओरडत होते आणि आतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा दत्ताने आपणहून ब्रेक लावला आणि उतरला. तेव्हापासून तो उतरतो आणि मी गप्प होते.

आता निवडणुकीचं सांगते. तो आमचा सुगीचा काळ आणि माझ्या घशाचा शिमगा. सकाळी निघायचं ते प्रचार बंद व्हायच्या वेळेपर्यंत. हायवेची धूळ, वर ऊन, पोटात वडापाव, आणि दर तासाला फोन: "ताई, ते वाक्य बदला, भाऊ चिडलेत." उमेदवाराला वाटतं आपलं नाव कमी वेळा घेतलं, बायकोला वाटतं तिचं घेतलंच नाही. एकाने तर मला माईकवर रडायला सांगितलं होतं. मी म्हटलं, पडलात तर रडेन, आधी नाही. आणि भाऊबंदकी विचारू नका. ज्या घरात एरवी दोन चुली गुण्यागोविंदाने चालतात तिथे महिनाभर कोणी कोणाकडे साखर मागायला जात नाही. दत्ताचं बीपी दर निवडणुकीत वाढतं, आणि तो तर एक शब्द बोलत नाही.

माझे नियम दोन. जो पहिला येईल त्याचं काम घ्यायचं. आणि समोरच्याचं नाव माझ्या तोंडातून जाणार नाही, ना चांगलं ना वाईट.

यंदा पंचायत समितीसाठी खांबच्या बाजूने पहिले आले ते राजाभाऊ. मी हो म्हटलं. आठवड्याने कळलं की त्यांच्यासमोर रंजना उभी आहे. रंजना माझ्या माहेरची. आमचे बाप एकाच मिठागरावर. आम्ही दोघींनी बांधावर बसून भाकरी खाल्लेली आहे. तिला खांबकडे दिली. नवरा मुंबईला गेला आणि तिथेच दुसरं घर करून बसला. सासूने मात्र शब्द दिला, पोरगा गेला तर गेला, सून माझी हाय. तेव्हापासून दोघी एकमेकींना धरून राहिल्या. गावातल्या बायांची कामं करता करता रंजनाच उभी राहिली.

मी फोन केला. म्हटलं, तू म्हणत असशील तर सोडते हे काम.

"कशाला गो? धंदा हाय तुझा," ती म्हणाली. "एकच कर. तुझ्या तोंडून माझा नाव नको आयकवू. बाकी कोण काय बोलंल ता बोलू दे, तुझा मला लागंल."

मी म्हटलं, ते तर माझ्या नियमातच आहे. आणि त्याच आठवड्यात माझा घसा बसला.

आधी वाटलं, दरवेळचंच आहे. ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मिठागरवाल्याची मुलगी मी, मिठाला कमी नाही! पण आवाज चिरकायला लागला आणि एके दिवशी 'बंधू'च्या पुढे 'भगिनी' निघेचना. दत्ताने रिक्षा वळवली ती थेट पेणमधल्या घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिने नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूवर गाठ.

"आता पूर्ण मौन," ती म्हणाली. "कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण येतो. खाकरायचं नाही. वाफ घ्यायची, पाणी प्यायचं. ऐकलंत तर बहुतेक आपोआप बसेल. या दिवसांत माईकवर बोललात, तर ऑपरेशन. आणि नंतर हाच आवाज येईल अशी खात्री मी देत नाही."

मी विचारायला तोंड उघडलं, तिने ओठांवर बोट ठेवलं. बाहेर आल्यावर दत्ताने मला उसाचा रस विचारला आणि स्वतःच म्हणाला, "नको, थंड नको." मला रडायला आलं. रडतानासुद्धा आवाज करायचा नव्हता.

राजाभाऊंचं काम परत केलं. त्यांच्या प्रचाराचं बघणारा प्रसाद नावाचा एक चटपटीत माणूस होता. तो जराही चिडला नाही, याचंच मला नवल वाटलं. "ताई, तुम्ही खुशाल आराम करा. तुमचा आवाज आहे आमच्याकडे," असं म्हणाला. मला वाटलं, मागच्या वर्षांची रेकॉर्डिंग असतील, वाजवतील बापडे.

मग आमच्या घरात पाटी आली. हवं ते लिहून दाखवायचं. लिहून कळलं, की भांडण पाटीवर होत नाही. पुसून नवं वाक्य लिहीपर्यंत समोरचा चहा पिऊन मोकळा होतो. मासेवालीशी भाव करायला दत्ताला पाठवलं, तर ती म्हणेल तो भाव मोजून, वर "बरं हाय ना?" विचारून आला. गावात बोभाटा झाला तो वेगळाच. कोणी म्हणे, कुंदीला समोरच्यांनी गप्प बसायचे पैसे दिले. मी त्याच दुकानात साखर घेत उभी होते! बोलणाऱ्याला माझा चेहरा माहीत नव्हता, आणि मला तर बोलायचंच नव्हतं. असा जळफळाट झाला की साखर घेतली आणि चहापूड विसरले.

पण खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात बरंही वाटायला लागलं. फोन दत्ताकडे दिला. त्या निवडणुकीच्या ग्रुपांतून बाहेर पडले. सकाळी खाडीच्या बाजूला बांधावर जाऊन बसायचे, बार्ज जाताना बघायचे. जेवण गरम आणि वेळेवर, ते कित्येक वर्षांत नव्हतं. लोक किती मोठ्याने बोलतात ते मला तेव्हा कळलं. टीव्हीवर ती ताणतणावाची तज्ज्ञ मंडळी सांगतात ना, स्वतःची काळजी घ्या, मला ते चोचले वाटायचे. आपल्याला कोण देणार असं बसायला? मला गाठीने दिलं.

आणि एके दुपारी दत्ताचा फोन वाजला. त्याने ऐकलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन पाठीमागे धरला. तीस वर्षांच्या संसारात या माणसाला काही लपवता आलेलं नाही. मी हिसकावून घेतला.

कोणीतरी खांबहून रेकॉर्डिंग पाठवलं होतं. रस्त्यावरचा गोंगाट आणि त्यात माझा आवाज. माझंच 'बंधू-भगिनींनो', तसंच लांबवलेलं. आणि मग, "रंजना म्हात्रे! जिला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही, जिला नवऱ्याने टाकली, ती तुमचं गाव काय सांभाळणार?"

मी पुन्हा ऐकलं. माझाच आवाज होता हो! मी घरात ज्येष्ठमध चघळत बसलेली आणि माझा आवाज खांबच्या रस्त्यावर रंजनाला नवऱ्याने टाकलेली म्हणत होता. दत्ता म्हणाला, "कॉम्प्युटरवर करतात म्हणे. जुना आवाज घालायचा, पाहिजे ते बोलून घ्यायचं."

मी पाटीवर लिहिलं, 'चावी'. माईक घेऊन खांबच्या नाक्यावर उभं राहायचं आणि जीव खाऊन ओरडायचं, एवढंच डोक्यात होतं. गाठ गेली खड्ड्यात.

दत्ताने चावी मुठीत धरली. "नाय देणार."

मी 'चावी'खाली रेघा ओढल्या, खडू मोडला. पाटीवर ओरडता येत नाही, ही केवढी शिक्षा आहे ते मी त्या दिवशी भोगलं. दत्ता आयुष्यात बोलला नव्हता एवढं एका दमात बोलला. "तू ओरडलीस तर लोक काय म्हणतील? तोही आवाज तुझा, हाही तुझा. खरा कुठला ते कोण सांगणार? आणि तुझा कायमचा गेला, तर त्यांच्याकडे तेवढाच उरेल. मग ते सांगतील तेच तू बोललीस."

मी पाटी पुसली आणि लिहिलं, 'मी बोलणार नाही. पण रंजनाकडे चल.' त्याने माझा माईक कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि रिक्षा काढली.

रामवाडीपासून खांबपर्यंत मी पाटी उराशी धरून बसले होते. काय लिहायचं? 'ती मी नव्हे'? चोरही तेच म्हणतो. रंजनाने एकच गोष्ट मागितली होती आणि नेमकी तीच झाली होती. पाटी कोरीच राहिली.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी दत्ताने इंजिन बंद केलं. मला आधी कळलं नाही. तो उतरला आणि ढकलायला लागला, तेव्हा मी बॅनरच्या आडून बघितलं. रंजनाच्या दारात तिरडीच्या बांबूंचे तुकडे पडले होते. बाहेर माणसं बसली होती. फोन माझ्याकडे नव्हता, ग्रुप सोडलेले, मला कोण सांगणार? सासू सकाळीच गेली होती आणि दुपारी नेऊन आले होते.

रंजना ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली. माझं भान सुटलं. गाठ नाही, डॉक्टर नाही, काही आठवलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं.

तिने पुढे येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट.

"बोलू नको गो. माहीत हाय मला तुझ्या गल्याचं," ती म्हणाली. "राजाभाऊचा तो टेम्पो इथूनच गेला. म्हातारीला आंगणात आणली व्हती, लोक तिरडी बांधत व्हते. तुझा आवाज लांबून आला, माझा नाव घेतला, मला नवऱ्यानं टाकली म्हनला. मी म्हनलं, कुंदी बोलली. माझा काळीज फाटला गो. म्हनलं, पैसा चारला असंल, माणूस बदालतो." तिचा हात अजून माझ्या तोंडावर होता. "मग तो आवाज दाराशी आला. नि थांबला नाय. सरळ तिरडीवरून गेला. तवाच मी बोलले, ही कुंदी नाय. कुंदी असती त हितं गप झाली असती."

बाजूची म्हातारी म्हणाली, "व्हय गो. आम्ही सगल्यांनीच म्हनला. तो तुझा दत्त्या ढकलत नेतो ना रिक्षा."

दत्ता रिक्षाच्या मागे उभा होता. अजून दोन्ही हात रिक्षाला लावलेले. त्याने मान खाली घातली. मी रंजनाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आवाज न करता. तीस वर्षं मी माझ्या आवाजाचा तोरा मिरवला, आणि लोकांनी मला ओळखलं ते मी कुठे बोलत नाही त्यावरून.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया राजाभाऊंच्या ऑफिसवर गेल्या. ते म्हणाले, पोरांनी परस्पर केलं, मला कल्पना नव्हती. प्रसाद दिसला नाही. टेम्पो बंद झाला. रंजना थोडक्यात पडली. लिहिताना हात जड होतो, पण झालं ते तसं झालं. राजाभाऊंनी आभार फेरीसाठी मलाच बोलावणं पाठवलं, म्हणजे बघा माणसाची कातडी! मी सबंध पाटीभर एकच 'नाही' लिहून त्यांच्या माणसाच्या हातात दिली. पाटी काही परत आली नाही, आणि मला तिची गरजही फार दिवस पडली नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली, गाठ बसली होती. आवाज थोडा जाड झालाय, पण माझाच आहे. आता दिवसातून दोन तास विश्रांती, निवडणुकीत अर्धा दिवस काम, आणि वडापाव बंद. दत्ताच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली की मी माईकवरूनच सांगते, त्याला आवडत नाही.

पहिलं काम आलं ते खांबचं. साधंच, पाण्याचं. रंजनाच्या गल्लीत शिरलो आणि सवयीने माझं बोट बटणावर गेलं. दत्तानेही इंजिन बंद केलं आणि तो ढकलायला उतरला. आम्ही दोघं तिच्या दारावरून गुपचूप निघालो होतो, तर ती कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"अगो, म्हातारीचं दिवस कवाच झालं! अजून काय मुकी जातेस माझ्या दारावरून? बोल!"

मी दत्ताकडे बघितलं. तो परत सीटवर जाऊन बसला. मी माईक चालू केला, घसा खाकरणार होते, पण खाकरायचं नाही हे आठवलं. घोटभर पाणी प्यायले.

"बंधू-भगिनींनो," मी म्हटलं, आणि तिच्या दारासमोर थांबून उद्या नळाला पाणी येणार नाही असं तीनदा सांगितलं. रंजना शेवटपर्यंत ऐकत उभी होती, मग हंडे काढायला आत गेली.